कागद चांगला होता, खुबे नव्हते

ब्रीडिंग शिकायचं ठरवलं तेव्हा माझ्याकडे एक लॅब्रॅडॉर मादी होती आणि तिची तीन पिढ्यांची वंशावळ. त्यात दोन नावांपुढे चॅम्पियन! आता तोलामोलाचा नर शोधला की झालं, असं मला वाटत होतं. ज्या ताईंच्या हाताखाली शिकणार होते, त्यांनी कागद उघडलासुद्धा नाही. "खुब्यांचा एक्स-रे काढलास?" एवढंच विचारलं.

काढला नव्हता. ती दोन वर्षांची झाल्यावर काढला आणि हिप डिस्प्लेझिया निघाला, म्हणजे खुब्याचा सांधा नीट घडलेला नव्हता. धावताना तर काहीच जाणवत नव्हतं. दोन दिवस रडून घेतलं आणि तिची नसबंदी करून टाकली. माझ्या ब्रीडिंगचा पहिला धडा म्हणजे ब्रीडिंग न करणं.

नोंदणीचा कागद आई-बाप कोण ते सांगतो. पिल्लू निरोगी निघेल का, हे नाही. तरी तो नीट वाचायला शिका. एकच नर आईचाही बाप आणि बापाचाही बाप असेल, तर पिल्लांचा अंतःप्रजनन गुणांक (आई-बापांचं आपसातलं नातं किती जवळचं, त्याचं माप) किमान १२.५ टक्के होतो. सख्ख्या भावंडांच्या पिल्लांत तो २५. कुत्र्यांची नोंदणी करणारा ब्रिटनचा केनेल क्लब १८७३चा, पण असल्या सख्ख्या नात्यातली पिल्लं नोंदवणं त्यानं थांबवलं ते २००९मध्ये.

ब्रीड स्टँडर्ड, म्हणजे जातीचा कुत्रा कसा असावा त्याचं वर्णन, मी परीक्षेसारखं पाठ केलं होतं: नराची उंची ५६ ते ५७ सेंटिमीटर, वगैरे. ताईंनी मोजपट्टी बाजूला ठेवायला लावली आणि शेपटी हातात दिली. मुळाशी जाड, टोकाला निमुळती, पाणमांजरासारखी. पाण्यात वळताना सुकाणू म्हणून ती लागते. आत दाट लोकर, वर राठ केस, तेही गार पाण्यासाठीच. स्टँडर्ड म्हणजे त्या कुत्र्याच्या कामाचं वर्णन, हे तेव्हा कुठे डोक्यात शिरलं.

रंगाच्या मागे मात्र लागू नका. दोन मर्ल (काही जातींत दिसणाऱ्या चट्ट्यापट्ट्यांच्या रंगाचे कुत्रे) एकत्र आणले तर सरासरी चौथा हिस्सा पिल्लं दुहेरी मर्ल होतात, म्हणजे त्यांना तो जनुक आई-बाप दोघांकडून मिळतो. त्यांतली बरीच बहिरी किंवा आंधळी असतात.

दुसऱ्या मादीचे खुबे, कोपरं, डोळे तपासूनच तिला नर दाखवला. ६३व्या दिवशी ती व्यायली. आठ आठवड्यांच्या आत एकही पिल्लू दिलं नाही, आणि दिलं तेव्हा करारात लिहून घेतलं की सांभाळणं जमेनासं झालं तर ते माझ्याकडेच परत यावं. त्या वेतातलं एक पाच वर्षांनी खरंच परत आलं. आत्ता पायाशी घोरतंय.