गोव्यातील घर पर्यटकांना भाड्याने देताना

गोव्यातील वडिलोपार्जित घराच्या दोन खोल्या जरी पर्यटकांना दिवसांच्या हिशेबाने द्यायच्या असतील, तरी ‘गोवा पर्यटन व्यापार नोंदणी कायदा, १९८२’ नुसार पर्यटन खात्याकडे नोंदणी करणे आवश्यक आहे. बुकिंगच्या संकेतस्थळावर जाहिरात झळकली म्हणजे परवानगी मिळाली, असा समज कृपया करून घेऊ नये. अर्जाला बसण्यापूर्वी मालकीची कागदपत्रे आणि चालू वर्षाची घरपट्टीची पावती हाताशी ठेवावी. घर भावंडांच्या सामाईक नावावर असेल, तर सर्वांची लेखी संमती आधीच घ्यावी, कारण माझ्या मते बहुतेक अर्ज याच ठिकाणी रखडतात.

सर्वाधिक दक्षता परदेशी पाहुण्यांच्या बाबतीत घ्यावी लागते. पाहुणा आल्यापासून २४ तासांच्या आत त्याच्या मुक्कामाची माहिती सरकारला कळवणारा ‘फॉर्म ३’ (२०२५ पर्यंतचा ‘सी फॉर्म’) ऑनलाइन भरणे बंधनकारक असून त्यात पासपोर्ट व व्हिसाचा क्रमांक, भारतात आल्याची तारीख आणि पुढचा मुक्काम लिहावा लागतो. म्हणून चहापाणी होताच, सामान खोलीत जाण्यापूर्वी, पासपोर्टचे छायाचित्राचे पान आणि व्हिसाचे पान उजेडात धरून स्वच्छ टिपून घ्यावे. पाहुणा एकदा समुद्रावर गेला की तो रात्रीच परततो. भारतीय पाहुण्यांचीही ओळखपत्रे पाहून वहीत नोंद करावी.

रात्री १० नंतर अंगणात ध्वनिवर्धक लावता येत नाही, हे पाहुण्यांना आल्याआल्याच सांगावे. ओला-सुका कचरा वेगळा ठेवून तो पंचायतीच्या गाडीलाच द्यावा.