मोठा टॉवर कूलर बोर्डावर नीट कसा बसवावा

कूलर केवढा मोठा घेतला यापेक्षा तो मदरबोर्डाला (पुढे नुसतं ‘बोर्ड’) कसा धरलाय, यावर प्रोसेसरचं तापमान जास्त ठरतं. दोन पंख्यांचा, सव्वा-दीड किलोचा टॉवर, म्हणजे पत्र्यांचा उभा गठ्ठा असलेला कूलर, एका बाजूने किंचित उचललेला राहिला, तर नीट बसवलेला साधा कूलरही त्याच्यापेक्षा बरा चालतो. कोल्हापुरात हे जास्त जाणवतं. एप्रिल-मेच्या दुपारी बिनएसीच्या खोलीचंच तापमान ३५-३६ अंशांवर असतं आणि हवेवर चालणारा कोणताही कूलर खोलीच्या तापमानाखाली जाऊ शकत नाही. तोच पीसी २४ अंशांच्या एसी खोलीत जेवढा तापतो, त्यापेक्षा इथे साधारण दहा-बारा अंश जास्त दाखवणारच. म्हणून बसवण्यात एकही अंश वाया घालवू नका.

खरेदीआधी तीन मापं

पहिलं माप कॅबिनेटचं. बोर्डापासून बाजूच्या काचेपर्यंत किती उंचीचा कूलर मावतो हे कॅबिनेटच्या माहितीपत्रकात दिलेलं असतं. नॉक्चुआ एनएच-डी१५ ची उंची १६५ मिमी, डीपकूल एके६२० ची १६० आणि थर्मलराइट पीयरलेस असॅसिन १२० एसई ची १५५ मिमी आहे. लहान कॅबिनेटमध्ये हे पाच-दहा मिलिमीटरच आडवे येतात.

दुसरं माप रॅमचं. पुढचा पंखा बहुतेक वेळा रॅमच्या डोक्यावर येतो. एनएच-डी१५ च्या पुढच्या पंख्याखाली ३२ मिमी जागा मिळते. तुमची रॅम दिव्यांची, ४४ मिमी उंच असेल तर पंखा १२ मिमी वर सरकवावा लागतो आणि १६५ चा कूलर १७७ चा होतो. हा हिशेब दुकानातच करा.

तिसरं माप सॉकेटचं, म्हणजे बोर्डावर प्रोसेसर बसतो त्या जागेचं, आणि सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. इंटेलच्या एलजीए ११५० पासून १२०० पर्यंतच्या बोर्डांवर कूलरची चार भोकं ७५ मिमीच्या चौकोनात असतात. २०२१ मध्ये बाराव्या पिढीबरोबर एलजीए १७०० आलं आणि हा चौकोन ७८ मिमीचा झाला. २०२४ च्या एलजीए १८५१ ने तेच अंतर ठेवलं. एएमडीच्या एएम४ ची भोकं ५४ × ९० मिमीच्या आयतात आहेत. २०२२ च्या एएम५ मध्येही तेच अंतर आहे, पण बोर्डामागची आधाराची प्लेट धरण्याची पद्धत बदलली. त्याबद्दल पुढे सांगतो.

जुना कूलर स्वस्तात मिळतोय म्हणून घेणार असाल, तर आधी ‘ब्रॅकेट आहेत का, कुठल्या सॉकेटचे?’ हे विचारा. किटशिवाय, म्हणजे कूलर बोर्डाला धरणाऱ्या पट्ट्या (ब्रॅकेट) आणि त्यांच्या स्क्रूंशिवाय, टॉवर म्हणजे नुसता ॲल्युमिनिअमचा गठ्ठा. काही कंपन्या बिल दाखवल्यावर नव्या सॉकेटचं किट फुकट पाठवतात, नॉक्चुआ त्यातलीच एक.

उद्यमनगरातून ब्रॅकेट करून घ्यावा का?

कोल्हापुरात हा प्रश्न येतोच. उद्यमनगर या कारखान्यांच्या वसाहतीत लेथ आणि मिलिंग हाकेच्या अंतरावर असताना ७५ च्या पट्टीला ७८ चं भोक पाडून घेणं सोपं वाटतं. पट्टी तर उत्तम होईल, त्यात शंका नाही. अडचण उंचीची आहे. एलजीए १७०० मध्ये प्रोसेसरचं धातूचं झाकण बोर्डापासून आधीच्या सॉकेटपेक्षा जवळपास पाऊण मिलिमीटर खाली आहे. भोकं जुळवली आणि खालचे स्पेसर, म्हणजे पट्टी बोर्डापासून उचलून धरणारे टेकू, जुनेच ठेवले, तर स्क्रू शेवटपर्यंत घट्ट होतील, हाताला पक्कं लागेल, पण झाकणावर पुरेसा दाब येणारच नाही. स्पेसर अंदाजाने छाटले तर उलटा धोका, दाब जास्त होऊन बोर्ड वाकतो. शिवाय एएम४ आणि एएम५ च्या मागच्या प्लेटला ६-३२ यूएनसी (इंची मापाचे) आटे असतात. त्यात हाताशी असलेला मेट्रिक स्क्रू पिळून घातला की आटे जातात. माझं मत स्पष्ट आहे: कंपनीचं किट मिळत असेल तर तेच घ्या. मिळतच नसेल तर स्पेसरची उंची मायक्रोमीटरने मोजून करून घ्या, आणि घासणं-छिद्रं पाडणं बोर्डापासून लांब उरका. लोखंडाचा बारीक कीस सॉकेटमध्ये पडला तर काढता येत नाही.

जुना कूलर काढताना

पीसी बंद करून वायर भिंतीतून काढा, मग पॉवरचं बटण एकदा दाबा म्हणजे उरलासुरला चार्ज निघून जाईल. इंटेलच्या डब्यातल्या कूलरला चार प्लास्टिकच्या पिना असतात. प्रत्येक पिन डोक्यावरच्या बाणाच्या दिशेने पाव वळण फिरवायची आणि वर ओढायची.

एएम४ वर इथे सावध राहा. या प्रोसेसरला खाली सोन्याच्या मुलाम्याचे टाचे, म्हणजे बारीक पिना, असतात आणि सॉकेटचा दांडा बंद असला तरी मधल्या वाळलेल्या उष्णतावाहक पेस्टमुळे प्रोसेसर कूलरला चिकटून उपटून येतो, टाचे वाकतात. म्हणून काढण्याआधी पाच-दहा मिनिटं पीसी चालवून पेस्ट गरम होऊ द्या. मग बंद करा, कूलर हलक्या हाताने डावी-उजवीकडे फिरवा आणि सुटल्याची खात्री झाल्यावरच उचला. एएम५ मध्ये टाचे बोर्डावरच्या सॉकेटमध्ये आहेत आणि प्रोसेसर चौकटीखाली दाबलेला असतो, त्यामुळे ही भीती नाही.

जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसा. झाकण चकचकीत दिसेपर्यंत पुसायचं.

मागची प्लेट

बोर्ड कॅबिनेटमधून बाहेर काढूनच हे काम करा. आता बऱ्याच कॅबिनेटमध्ये सॉकेटच्या मागे खिडकी असते आणि बोर्ड न काढताही प्लेट लावता येते, पण पहिल्यांदा करताना बोर्ड टेबलावर, त्याच्या रिकाम्या खोक्यावर ठेवलेला असला की मागे-पुढे दोन्हीकडे नीट दिसतं. आधी कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला हात लावून अंगातला स्थिर चार्ज घालवा. पावसाळ्यातल्या आपल्या दमट हवेत त्याचा त्रास कमी, थंडीत जास्त.

मागची प्लेट असते ती बोर्ड वाचवण्यासाठी. वरून स्क्रू ओढतात तेव्हा खालून तेवढाच आधार नसेल तर फायबरचा बोर्ड धनुष्याकार होतो, आतल्या तांब्याच्या रेषांवर ताण येतो. म्हणूनच जड टॉवर नुसत्या प्लास्टिकच्या पिनांवर लावू नये. तसा ॲडॉप्टर विकत मिळाला तरीही नाही.

इंटेलच्या बोर्डावर कूलरबरोबर आलेली प्लेट मागून लावायची. एकाच प्लेटवर ११५०–१२०० आणि १७०० अशा दोन्ही खाचा असतील तर चारही खांब एकाच, बरोबर खाचेत आहेत ना ते पाहा. तीन बरोबर आणि एक चुकीचा असेल तरी प्लेट बसल्यासारखी वाटते. टॉवर कसण्याआधी काही किटमध्ये ही प्लेट थोडी हलते, त्यात काही बिघडलेलं नसतं.

एएमडीवर बहुतेक कूलर बोर्डाचीच मूळ प्लेट वापरतात. वरच्या दोन काळ्या प्लास्टिकच्या पट्ट्यांचे चार स्क्रू काढले की एएम४ वर मागची प्लेट सुटते आणि खाली पडते. म्हणून एक हात मागे असू द्या, नाहीतर कुणाला तरी सांगा, ‘भावा, मागनं प्लेट धर जरा.’ एएम५ वर ती सॉकेटच्याच स्क्रूंनी धरलेली असते, पडत नाही. ती काढण्याच्या भानगडीत पडू नका, कारण सॉकेटची चौकट तिलाच अडकलेली आहे.

स्पेसर आणि पट्ट्या

किटमध्ये दोन-तीन रंगांचे स्पेसर येतात. रंग शोभेसाठी नाहीत, प्रत्येकाची उंची वेगळी आहे. माहितीपत्रकात तुमच्या सॉकेटपुढे जो रंग दिलाय तोच घ्या आणि उरलेले वेगळ्या पिशवीत टाका, म्हणजे मिसळायला नकोत.

त्यावर दोन पट्ट्या येतात. टॉवर कुठल्या दिशेला तोंड करणार हे या पट्ट्या ठरवतात. पंखा रॅमच्या बाजूला आणि गरम हवा कॅबिनेटच्या मागच्या पंख्याकडे, अशी दिशा हवी. पट्ट्या कसण्याआधी टॉवर नुसता वर धरून बघा. पट्ट्यांचे स्क्रू मात्र पूर्ण कसा, त्या हलता कामा नयेत.

पेस्ट

टॉवरच्या तळावरची पारदर्शक फिल्म काढा. ती तशीच ठेवून बसवलेले कूलर दुरुस्तीला येतात, पीसी चालू होताच काही सेकंदांत ९० अंशांवर जातो.

चौकोनी झाकणाच्या जुन्या प्रोसेसरना मध्ये ४-५ मिमीचा एक ठिपका पुरतो. एलजीए १७००, १८५१ आणि एएम५ साठी मध्ये ३-४ मिमीचा ठिपका आणि चार कोपऱ्यांकडे २-२ मिमीचे छोटे ठिपके द्या. बोटाने पसरू नका, दाबाने ती आपोआप पसरते. तळाला उष्णतेच्या नळ्या थेट उघड्या असतील तर मधल्या फटींसाठी थोडी जास्त लागते. एएम५ च्या झाकणाला कडेने खाचा आहेत, त्यात वीज न वाहणारी साधी पेस्ट गेली तर नुकसान नाही, साफ करताना मात्र वेळ जातो.

कसण्याची रीत

आधी पंखे काढून ठेवा. टॉवर सरळ खाली उतरवा. ठेवल्यावर पुन्हा उचलू नका, उचललात तर पेस्टमध्ये हवा अडकते. मग दोन क्रमांकाचा लांब फिलिप्स स्क्रू ड्रायव्हर घ्या. बॅटरीवर चालणारं यंत्र नको.

एका बाजूचा स्क्रू नुसता आट्यात धरेपर्यंत, दोन-तीन वळणं. लगेच दुसऱ्या बाजूचा तेवढाच. मग एक-एक वळण, आलटूनपालटून. चार स्क्रूंचा कूलर असेल तर समोरासमोरचे कोपरे घ्या, जसं ऑइल इंजिनाचं हेड कसताना आपले मिस्त्री तिरके बोल्ट थोडे-थोडे ओढतात. एक बाजू आधी पूर्ण कसली तर तळ तिरका बसतो, पेस्ट एका कडेला ढकलली जाते आणि नंतर दुसरी बाजू कितीही कसली तरी तो थर परत सारखा होत नाही.

बहुतेक चांगल्या किटच्या स्क्रूंना स्प्रिंग असते आणि ते एका जागी येऊन आपोआप थांबतात. दाब स्प्रिंगने ठरवलेला असतो, तुमच्या मनगटाने नाही. थांबला की थांबा. स्प्रिंग नसलेल्या किटमध्ये दोन बोटांनी धरलेल्या स्क्रू ड्रायव्हरचा जोर पुरे.

इंटेलच्या बाराव्या ते चौदाव्या पिढीत मूळ चौकट प्रोसेसरला मधल्या भागात दाबते आणि झाकण किंचित वाकतं. त्यावर उपाय म्हणून मूळ चौकटीऐवजी लावायची ॲल्युमिनिअमची कॉन्टॅक्ट फ्रेम मिळते. सगळं नीट बसवूनही तापमान जास्तच येत असेल तर ती विचारात घ्या. सुरुवातीलाच तिच्या मागे लागायची गरज नाही.

पंखे आणि पहिली चाचणी

पंख्याच्या चौकटीवर हवेच्या दिशेचा बाण असतो. दोन्ही पंख्यांचे बाण मागच्या बाजूला. वायर बोर्डावरच्या ‘सीपीयू फॅन’ या जागेत, दोन पंखे असतील तर दोन्ही एकाच जागेत जोडणाऱ्या वाय केबलने.

बायोसमध्ये, म्हणजे पीसी सुरू होताना उघडणाऱ्या सेटिंगच्या पडद्यावर, तापमान बघा. मग तापमान दाखवणारं एचडब्ल्यूइन्फो उघडून प्रोसेसरवर पूर्ण भार टाकणारं सिनेबेंच दहा मिनिटं चालवा. इंटेलच्या बाराव्या ते चौदाव्या पिढ्यांची मर्यादा १०० अंश, एएमडीच्या रायझन ७००० ची ९५ आणि त्यातल्या ७८००एक्स३डी ची ८९ आहे. मोठे प्रोसेसर पूर्ण भारावर मर्यादेच्या जवळ जातात, तेवढ्यावरून घाबरू नका. लक्ष द्या ते दुसऱ्या खुणांकडे. काही न करता ६०-७० अंश असेल, किंवा भार येताच एका झटक्यात मर्यादा गाठत असेल, तर तळ टेकलेला नाही. एखादाच कोअर बाकीच्यांपेक्षा पंधरा-वीस अंश वर राहत असेल, तर दाब असमान असण्याची शक्यता आहे. आणि कूलर बदलल्यावर अर्धीच रॅम दिसू लागली, तर रॅमला दोष देण्याआधी कूलर सैल करून पुन्हा समान कसा. दाब वाकडा पडला की सॉकेटमधले रॅमकडे जाणारे काही टाचे नीट टेकत नाहीत. पुन्हा बसवताना दरवेळी पेस्ट पुसून नवीन लावायची.

उद्यमनगर किंवा शिरोलीतल्या कारखान्यात पीसी असेल तर पत्र्यांमध्ये फाउंड्रीची काळी धूळ बसते. दर दोन-तीन महिन्यांनी ब्लोअर मारा, मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा.

पीसी हलवायचा असेल तर

उभ्या कॅबिनेटमध्ये हा सगळा भार बोर्डावरून आडवा लटकलेला असतो. टेबलावर तो वर्षानुवर्षं सुखाने राहतो, धक्के मात्र त्याला सोसत नाहीत. गाडीतून नेताना कॅबिनेट आडवं ठेवा, बोर्ड खाली आणि टॉवर आभाळाकडे. कुरिअरने पाठवायचा असेल तर टॉवर काढून वेगळ्या खोक्यात भरा. आंबा किंवा गगनबावडा घाटातून कोकणात न्यायचा असेल, तर मी स्वतःच्या गाडीतही टॉवर काढूनच नेईन. न काढता नेलाच, तर पोचल्यावर पीसी चालू करण्याआधी बाजूचं पॅनेल उघडून टॉवर तिरका झालाय का आणि पंख्यांच्या तारेच्या क्लिपा जागेवर आहेत का, ते बघून घ्या.