मालाडहून ब्रिटनच्या मालकांची फाइल लावताना

केपीओमध्ये (परदेशी कंपन्यांचं कागदपत्रांचं, अभ्यासाचं काम इथे बसून करणाऱ्या कंपनीत) 'इमिग्रेशन सपोर्ट'ची जागा निघाली की बी.कॉम. किंवा लॉ झालेल्या मुलांना वाटतं, लोकांचे व्हिसाचे फॉर्म भरायचे असतील. तेही असतं, पण आमच्या टीमचं काम त्याच्या एक पायरी आधीचं आहे. ब्रिटनमधल्या कंपनीला परदेशी माणूस कामावर ठेवायचा असेल, तर आधी त्या कंपनीला होम ऑफिसकडून (तिकडच्या गृहखात्याकडून) स्पॉन्सर लायसन्स घ्यावं लागतं. उमेदवाराची परीक्षा नंतर, मालकाची आधी. लायसन्ससाठी मालकाची कागदपत्रं मागवायची, तपासायची आणि तिकडच्या सॉलिसिटरपुढे, म्हणजे वकिलापुढे, नीट लावून ठेवायची, हे काम आम्ही मालाडला बसून करतो. नवीन येणाऱ्यांसाठी थोडं लिहितो.

कोणती कागदपत्रं चालतात त्याची यादी ब्रिटन सरकारच्या साइटवर 'अपेंडिक्स ए' नावाने आहे. साधारणपणे त्यातली किमान चार लागतात. लंडन स्टॉक एक्स्चेंजवर नोंदलेल्या कंपन्यांना आणि सरकारी संस्थांना सूट आहे, पण तसे क्लायंट आपल्याकडे क्वचितच येतात. येतात ते केअर होम (वृद्ध-आजारी माणसांची देखभाल करणाऱ्या संस्था), छोट्या आयटी कंपन्या, रेस्टॉरंटवाले, बांधकामवाले. त्यांच्याकडून नेहमी मागितले जाणारे कागद म्हणजे पगारातून कर कापण्यासाठी एचएमआरसीकडे (ब्रिटनच्या करखात्याकडे) केलेल्या नोंदणीचा पुरावा, व्हॅट नोंदणी, जागेचा भाडेकरार किंवा मालकीचा कागद, ताजे हिशेब आणि एम्प्लॉयर्स लायबिलिटी विम्याचं (कामावर इजा झाली तर कर्मचाऱ्याच्या भरपाईसाठी मालकाने काढलेल्या विम्याचं) प्रमाणपत्र. या विम्याचं संरक्षण किमान ५० लाख पौंडांचं हवं आणि विमा कंपनी तिकडे अधिकृत असायला हवी. कंपनी सुरू होऊन १८ महिने झाले नसतील तर ब्रिटनमधल्या बँकेतलं कंपनीचं चालू खातं दाखवावंच लागतं. केअर होम असेल तर इंग्लंडमध्ये केअर क्वालिटी कमिशनची (देखभाल सेवांवर लक्ष ठेवणाऱ्या तिकडच्या संस्थेची) नोंदणी आलीच. कागद इंग्रजीत किंवा वेल्शमध्ये नसेल तर प्रमाणित भाषांतर जोडायचं. वेल्शमधला कागद माझ्या टेबलावर अजून आलेला नाही, येईल त्या दिवशी बघू.

यादी पाठ करायला दोन दिवस पुरतात. डोकं लागतं ते पुढे, कारण प्रत्येक कागद एकटा बघितला तर बरोबरच दिसतो. तो दुसऱ्या कागदाशेजारी ठेवला की गंमत सुरू होते. भाडेकरार संचालकाच्या वैयक्तिक नावावर असतो. विमा मूळ कंपनीच्या नावावर असतो आणि अर्ज करते ती उपकंपनी, जिचं नाव प्रमाणपत्रात कुठेच नसतं. दारावरच्या पाटीवर एक नाव, कंपनीज हाउसमध्ये, म्हणजे कंपन्यांच्या सरकारी नोंदणी कार्यालयात, वेगळंच. कंपनीज हाउसचं रजिस्टर सगळ्यांना फुकट बघता येतं, त्यामुळे नवी फाइल आली की क्लायंटचा मेल वाचण्याआधी मी तिथे जातो. नोंदणीचा पत्ता, संचालक कधी बदलले, हिशेब वेळेवर भरलेत का, सगळं तिथे मिळतं. एचएमआरसीचे दोन नंबरही सुरुवातीला गोंधळात टाकतात. एक पीएवायई रेफरन्स (मालकाच्या पगार-कर नोंदणीचा), दुसरा अकाउंट्स ऑफिस रेफरन्स (कापलेला कर भरताना लागणारा). दोन्ही लागतात, आणि क्लायंट हमखास एकच दोनदा पाठवतो.

कागदपत्रांसोबत कंपनीचं एक पत्र जातं, त्यातला मजकूर हा फाइलचा सगळ्यात जड भाग. त्यात कंपनीने सांगायचं असतं की धंदा काय, कामाच्या वेळा काय, लायसन्स कशासाठी हवं, कोणतं पद भरायचं, त्याची कामं, पगार, कामाचा एसओसी कोड (ब्रिटनच्या नोकऱ्यांच्या सरकारी वर्गीकरणातला क्रमांक). वर कंपनीच्या रचनेचा तक्ता. माणसं पन्नास किंवा कमी असतील तर तक्त्यात सगळ्यांची नावं आणि पदं. आता बघा, तक्त्यात चार जण, भाडेकराराप्रमाणे जागा एका खोलीची, आणि पत्रात म्हटलंय की तीन मॅनेजर परदेशातून आणायचेत. होम ऑफिसचा माणूस प्रत्यक्ष भेटीला येऊ शकतो, आणि तो हेच विचारणार. २२ जुलै २०२५ पासून स्किल्ड वर्कर मार्गासाठी (कुशल कामगारांच्या व्हिसासाठी) सर्वसाधारणपणे पदवीच्या पातळीचं काम लागतं आणि शेफसारखी कामं नव्या भरतीतून बाहेर गेली. त्यामुळे किचनमधल्या माणसाचं पद 'ऑपरेशन्स मॅनेजर' करून मिळेल का, अशी विचारणा होते. असा मजकूर आपण सजवायचा नाही. जसा आलाय तसा, शेरा मारून सॉलिसिटरकडे पाठवायचा. ब्रिटनमध्ये इमिग्रेशनचा सल्ला देणं हे नियमनाखालचं काम आहे आणि तो अधिकार आपला नाही. क्लायंट फोनवर 'तुम्हाला काय वाटतं?' विचारतो तेव्हा गप्प बसणं, हे मराठी माणसाला जरा अवघड जातं.

मुदत मात्र कडक. अर्ज ऑनलाइन भरून झाला की सबमिशन शीट तयार होते. त्यावर ऑथरायझिंग ऑफिसरची सही हवी. हा माणूस कंपनीतला, भरतीची जबाबदारी असलेला वरिष्ठ आणि ब्रिटनमध्ये राहणाराच असावा लागतो. सही केलेली शीट आणि सगळी कागदपत्रं पाच कामाच्या दिवसांत पोचायला हवीत. म्हणून आमच्या टीम लीडर मॅडम फाइल पूर्ण झाल्याशिवाय कुणाला ऑनलाइन बटण दाबू देत नाहीत, क्लायंटने कितीही घाई केली तरी. सुट्ट्या तिकडच्या मोजायच्या. ऑगस्टमधली बँक हॉलिडे (सार्वजनिक सुट्टी) इंग्लंडमध्ये शेवटच्या सोमवारी असते, स्कॉटलंडमध्ये पहिल्या. गणपतीत आपण रजेवर आणि तिकडे कामाचा दिवस, असंही होतं, तेव्हा फाइल कुणाकडे सोपवली ते लिहून जायचं.

या नोकरीत लागलात की गावाकडून फोन सुरू होतील. 'आमच्या भाच्याचं जमव ना, काय लागतील ते पैसे देतो.' त्यांना सांगा, लायसन्स असलेल्या मालकांचं रजिस्टर ब्रिटन सरकारच्या साइटवर उघडं आहे, कंपनीचं नाव तिथे बघा. नाव असलं म्हणजे ऑफर खरी, असंही नाही, पण नसेल तर तिथेच थांबा. शिवाय लायसन्सचं शुल्क मालकाचं असतं. एप्रिल २०२५ मध्ये ते छोट्या कंपन्यांसाठी ५७४ आणि मोठ्यांसाठी १,५७९ पौंड झालं. ३१ डिसेंबर २०२४ पासून स्किल्ड वर्करच्या बाबतीत हा खर्च कर्मचाऱ्याकडून वसूल करायला बंदी आहे. स्पॉन्सरशिप 'विकणारा' भेटला तर त्याच्याशी बोलणंच नको.

शिफ्ट दुपारी सुरू होते. ब्रिटन उन्हाळ्यात आपल्या साडेचार तास मागे असतं, हिवाळ्यात साडेपाच, त्यामुळे ऑक्टोबर संपला की घरी जायला आणखी उशीर होतो. बोरिवली-विरारकडे राहणाऱ्यांना चालून जातं. कल्याण-डोंबिवलीवाल्यांनी मात्र कॅबची सोय आहे का, ते ऑफर स्वीकारण्याआधी विचारून घ्यावं.

मुलाखतीत आम्ही कायदा फारसा विचारत नाही. एकाच कंपनीचे चार-पाच कागद समोर ठेवतो आणि काय खटकतंय ते लिहायला सांगतो. कंपनीच्या नावात कुठे 'लिमिटेड' आहे कुठे नाही, करार कधी संपतो, विम्यावरचा पत्ता जुना आहे का. जो उमेदवार 'सगळं बरोबर आहे' म्हणून पाच मिनिटांत पेन ठेवतो, त्याला पुढच्या फेरीचा मेल जात नाही.