टर्कीचा माऊथ कॉल नागपूरच्या उन्हाळ्यात कसा टिकवायचा

अमेरिकेत टर्की नावाच्या मोठ्या रानटी पक्ष्याला जवळ बोलवायला शिकारी लोक तोंडात एक चपटी वस्तू धरतात, तो डायफ्राम कॉल, साधं नाव माऊथ कॉल. यू आकाराची पातळ ॲल्युमिनियमची फ्रेम, त्यात ताणून बसवलेल्या लेटेक्सच्या एक ते चार पट्ट्या म्हणजे रीड, आणि भोवती टेपची कड जी टाळूला चिकटून बसते. खालून जीभ टेकवून हवा सोडली की मादी टर्कीचा आवाज निघतो, दोन्ही हात मोकळे राहतात. आपल्याकडे टर्की रानात नाही, पण मिमिक्रीवाले आणि बालनाट्याला पक्ष्यांचे आवाज देणारे आपल्यासारखे लोक अमेरिकेतल्या भावाबहिणीकडून हे मागवून राहिले, कारण सरावानं यातून मोर, घुबड, कावळा बरंच काही काढता येतं. पण महिन्याभरात सगळे म्हणतात भाऊ आवाज फाटला, कॉल बेकार निघाला. कॉल बेकार नसतो, वाजवून झाल्यावर तो नीट ठेवलेला नसतो. लेटेक्स नैसर्गिक रबर आहे, त्याला ऊन, गरमी, तेल आणि चिकटणं या चारही गोष्टी सोसत नाहीत, आणि नागपुरात या चारही भरपूर.

आधी एक गोष्ट. हा कॉल घेऊन पेंच, ताडोबा, उमरेड-कऱ्हांडल्याला जाऊन वाजवू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकार बंद आहे, आणि अभयारण्यात प्राण्यांना त्रास देणं हासुद्धा गुन्हाच आहे. विणीच्या दिवसात खोट्या आवाजानं पक्षी घरटं सोडून येतो, ते बरोबर नाही. सराव घरी करा, प्रयोग स्टेजवर.

नवीन कॉल आला की लगेच तोंडात घालू नका. पिण्याच्या साध्या पाण्यानं धुवा, पाच मिनिटं पाण्यात राहू द्या, म्हणजे रीड मऊ होतात आणि एकमेकींपासून सुटतात. पाणी काचेच्या किंवा स्टीलच्या वाटीत घ्या. आपल्याकडे रात्रभर तांब्याच्या भांड्यात पाणी ठेवायची सवय असते, ते पाणी इथे नको, आणि पितळेची डबी पण नको, कारण तांब्याच्या संपर्कात रबर लवकर कुजतं. टेपची कड टाळूला मोठी होत असेल तर छोट्या कैचीनं थोडी थोडी कापा, प्रत्येक वेळी तोंडात धरून पहा, कारण एकदा जास्त कापली की बाजूनं हवा निसटते आणि मग काही करता येत नाही. रीडला कैची लावायचीच नाही, तिचा काप बनवणाऱ्यानं विचार करून दिलेला असतो. फ्रेम टाळूच्या बाकाप्रमाणे हलकीशी वाकवायची, दोन्ही बाजू सारख्या, आणि एकदा बसली की सोडून द्यायची. रोज वाकवत बसलं तर रीडचा ताण बदलतो, सूर बदलतो, शेवटी फ्रेमच मोडते.

आता सगळ्यात महत्त्वाचं, वाजवून झाल्यावर. थुंकी वाळली की रीड एकमेकींना चिकटतात, मग माणूस घाईत नखानं ओढतो आणि कडेला बारीक चीर पडते, ती चीर तेव्हा दिसत नाही पण पुढच्या प्रयोगात ऐन वेळी आवाज फुसका निघतो. म्हणून तोंडातून काढल्या काढल्या नळाखाली नाही, तर वाटीभर साध्या पाण्यात हलवून धुवायचा, गरम पाणी नाही, ब्रश नाही, टूथपेस्ट तर अजिबात नाही. वास येत असेल तर अल्कोहोल नसलेलं माऊथवॉश अर्ध्याला अर्धं पाणी घालून मिनिटभर, मग परत साधं पाणी. अल्कोहोलवालं रबराला कोरडं करतं. मग ओला असतानाच रीडच्या मधे एक पातळ सपाट पट्टी सरकवा, जुन्या प्लास्टिक फाईलच्या कव्हरमधून कापलेली, कोपरे गोल केलेली चालते. लोक टूथपिक घालतात, पण लाकडाची कूस रीडला अडकते आणि जाड काडी ठेवली तर रबर ताणून सैल पडतं. सावलीत, पंख्याच्या हलक्या हवेत वाळवा. कूलरच्या समोर ठेवू नका, ती हवा ओली असते, वाळतच नाही, आणि पावसाळ्यात तर टेपच्या कडेला बुरशीचे काळे ठिपके येतात. काळे ठिपके आले की तो कॉल तोंडात घालायचा नाही, कितीही आवडता असो. रीड आधीच चिकटल्या असतील तर ओढाताण न करता दहा मिनिटं साध्या पाण्यात ठेवा, आपोआप सुटतात.

ठेवायला मेडिकलमधे दातांच्या क्लिपची किंवा कवळीची प्लास्टिकची डबी मिळते, तीच घ्या, छिद्रवाली असेल तर अजून चांगलं. खिशात सुटा टाकायचा नाही, चिल्लर आणि चाव्या रीड खातात. आणि गाडीत तर चुकूनही नाही. मे महिन्यात नागपुरात पारा ४५ च्या वर जातो, उन्हात बंद उभ्या कारच्या आत त्याहून कितीतरी जास्त, स्कूटीच्या डिक्कीचंही तेच, तिथे लेटेक्स एका दुपारीत मऊ पडून चिपचिपं होतं. मार्च ते जून कॉल फ्रिजमधे ठेवायचा, पूर्ण वाळवून, डबी झिपच्या पिशवीत घालून. फ्रीजरमधे नाही, साध्या कप्प्यात. वाजवायच्या आधी थोडा वेळ बाहेर काढून ठेवा, गार रीड कडक वाजते.

फ्रिजवरून आठवलं, भाजीच्या ट्रेमधे ठेवू नका जिथे संत्री असतात. संत्र्याच्या सालीतलं तेल रबर विरघळवतं, फुगलेल्या फुग्यावर साल पिळली तर फुगा फुटतो तो त्याच्यामुळेच. आता आपल्या शहरात हिवाळ्यात कोण संत्रं सोलत नाही, पण सोलल्यावर साबणानं हात धुतल्याशिवाय कॉलला हात लावायचा नाही, इतकं कराच. तेच तर्री पोह्यांचं, तर्रीचं तेल ओठांना लागलेलं असतं आणि तेलानं रबर फुगतं. खाल्ल्यावर चूळ भरा, ओठ पुसा, मग वाजवा. थंडीत ओठ फाटतात म्हणून व्हॅसलीन लावतात, तेसुद्धा लेटेक्सचं दुश्मन आहे, त्या दिवशी प्रयोग झाल्यावरच लावा. आणि खर्रा, म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेलं मिश्रण. खर्रा खाणाऱ्या पोरांना मी स्पष्ट सांगतो, सुपारीचा चुरा रीडच्या मधे बसला की रीड नीट थरथरत नाही, चुन्याचे कण घासतात, आणि हा कॉल पाहिजे असेल तर खर्रा सोडायला याच्याहून चांगलं कारण नाही. गोड चहा, कोल्ड्रिंक पिल्यावर लगेच वाजवलं तर साखरेनं रीड चिकटतात, तेव्हा आधी पाणी प्या.

जमलं तर दोन-तीन कॉल आळीपाळीनं वापरा, एकाला आराम मिळतो, आणि कुठला कधी आणला ते डबीवर लिहा, टेपवर नाही, शाई तोंडात जाते. न वापरलेलं लेटेक्सही वयानं शिळं होतं, म्हणून एकदम डझनभर मागवण्यात अर्थ नाही. मागवताना पण हिवाळ्यात येणाऱ्या माणसाच्या हातून मागवा, उन्हाळ्यातलं पार्सल गोदामात आणि व्हॅनमधे तापत पडतं.

फेकायचा कधी ते रीड सांगते. कड लाटेसारखी झाली, पांढुरकी किंवा चिकट पडली, सूर खाली उतरला, हवेचा सूं आवाज यायला लागला, की झालं. चिकटवून, सोल्यूशन लावून पुन्हा वापरायचा विचार करू नका, ती वस्तू तोंडात जाते. टेप सुटायला लागली तरी तेच, कारण सुटलेला तुकडा श्वासासोबत आत जाऊ शकतो. म्हणूनच लहान पोरांच्या हातात कॉल द्यायचा नाही, कितीही हट्ट केला तरी, आणि एकाचा कॉल दुसऱ्यानं वाजवायचा नाही. फुगा फुगवल्यावर किंवा रबरी हातमोजे घातल्यावर ज्याला खाज सुटते, पुरळ येतं, त्यानं लेटेक्सचा कॉल तोंडात घालायच्या आधी डॉक्टरला विचारावं.