सातव्या महिन्यात झालेलं बाळ आणि घरची फिजिओ

आमची पोर ३१ व्या आठवड्यात झाली, म्हणजे नऊ आठवडे आधीच. घरी बघायला येणारा प्रत्येक जण एकच विचारायचा, मान धरली का? चार महिने झाले तरी मान डुगडुगायची, मी रात्री रडत बसायचे. फिजिओ मॅडमनी आधी कागदावर वजाबाकीच केली, चार महिन्यांतून नऊ आठवडे गेले, उरले दोन महिने, आणि दोन महिन्यांच्या बाळाची मान डुगडुगणारच ना! तर पहिलं काम म्हणजे हे करेक्टेड वय काढा, वाढ बघताना दोन वर्षांपर्यंत तेच धरायचं (लसी मात्र जन्मतारखेप्रमाणेच).

आता करायचं काय. पोटात शेवटी जागा कमी पडते म्हणून बाळ मुटकुळं करून असतं, आपली पोरं त्याआधीच बाहेर येतात आणि काचेच्या पेटीत (इन्क्युबेटरमध्ये) बेडकासारखे पाय फाकवून पडून राहतात, खांदे मागे जातात, मग हात तोंडाशी न्यायला जमत नाही. म्हणून उचलताना, पाजताना हात छातीजवळ आणि गुडघे पोटाकडे येतील असं धरा. लंगोट बदलताना दोन्ही पाय धरून वर लटकवू नका, कुशीवर वळवा. हीच फिजिओ, वेगळा तास लागत नाही.

पालथं घालायचं ते जागं असतानाच, दूध प्यायल्यावर लगेच नाही. सुरुवात तुमच्या छातीवर, नंतर सतरंजीवर काखेखाली दुपट्याची सुरळी देऊन. एक-दोन मिनिटं, दिवसातून चार-पाचदा, बास. थोडी कुरकुर चालते, पण उचक्या, सारख्या जांभया, बोटं फाकवणं, तोंड फिरवणं दिसलं की थांबा, आणि रंग बदलला तर लगेच डॉक्टर. झोपवायचं पाठीवरच.

मालिशवाल्या बाईंना हात-पाय ओढू देऊ नका, उलटं धरणं तर अजिबात नाही. आमच्या सासूबाई आठवडाभर रुसल्या होत्या, असो. वॉकरही नको.

करेक्टेड तीन महिन्यांनंतरही मुठी घट्ट, चार महिन्यांनंतरही मान नाही, पायांची कात्री होते, धनुष्यासारखं मागे ताणतं किंवा वर्षाच्या आतच एकच हात वापरतं, तर "याचा बापही उशिराच चालला" ऐकत बसू नका. जिल्हा रुग्णालयात डीईआयसी (लहान मुलांच्या वाढीतल्या अडचणी लवकर ओळखून उपचार करणारं सरकारी केंद्र) कुठे आहे विचारा, तिथे तपासणी आणि थेरपी फुकट असते, जाताना डिस्चार्ज कार्ड न्या.