सप्ताहाची तयारी: आधी भरती बघा

व्याख्यानं, किनारा स्वच्छता, रक्तदान असा सप्ताह भरवायला 6 ते 12 जानेवारी हा आठवडा किनाऱ्यावरच्या छोट्या महाविद्यालयाला सोयीचा. 6 तारखेला पत्रकार दिन. ‘दर्पण’ काढणारे बाळशास्त्री जांभेकर देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे, त्यामुळे पहिल्या व्याख्यानाचा विषय घरचाच. 12 तारखेला युवा दिन, समारोप त्या दिवशी. मराठी भाषा गौरव दिन आणि विज्ञान दिन लागून येतात म्हणून फेब्रुवारीअखेरचा मोह होतो. तो टाळा. तेव्हा कनिष्ठ महाविद्यालयात बारावीचं केंद्र असतं, खोल्या मिळत नाहीत, स्पीकर लावता येत नाही, आणि शिमगा जवळ आला की मुलं गावाकडे.

तारखा ठरल्या की कार्यक्रमपत्रिकेला हात लावण्याआधी पंचांग उघडा आणि भरती काढा. किनारा स्वच्छता, कांदळवनाची फेरी, होडीने खाडी ओलांडून येणारे वक्ते, यांतलं काहीही तासिकांच्या घंटेवर चालत नाही. हिशेब कोळीवाड्यात कोणीही सांगेल: तिथीची पाऊणपट म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. शुद्ध असो की वद्य, षष्ठीला साडेचार, मग पूर्ण सुकती, म्हणजे ओहोटी, साडेदहाच्या सुमारास. दशमीला भरती साडेसातला, सुकती दीडला. वेळ रोज पाऊण तास ते पन्नास मिनिटं पुढे सरकते, म्हणून सोमवारी पाहिलेली वेळ शनिवारी चालत नाही. चार तासांचा फरक पडतो. पुनवेला आणि अवसेला उधाण, पाणी वरपर्यंत येतं. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा चढउतार कमी. हा हिशेब अंदाजाचा, म्हणून जवळच्या बंदराच्या कोष्टकाशी ताडा. खाडीत जितकं आत जाल तितकी भरती उशिरा पोचते, तेही धरा.

‘सकाळी 8 वाजता किनारा स्वच्छता’ असं भरती न बघता छापू नका. आठला पाणी सुरूच्या झाडांपर्यंत आलेलं असेल तर शंभर मुलं उभी कुठे करणार? प्रमुख पाहुण्यांना वेळ बदलायला सांगता येते, पाण्याला नाही.

पूर्ण भरतीनंतर दोन तासांनी मुलं उतरवा. कचरा भरतीच्या रेषेवर साचलेला असतो, तिथून सुरुवात करून ओसरणाऱ्या पाण्यामागे खाली जायचं आणि पाणी फिरायच्या आत आटपायचं. काळ्या प्लास्टिकच्या पिशव्या नकोत, ओल्या वाळूच्या वजनाने फाटतात; तांदळाची रिकामी पोती घ्या, तिघांमागे दोन, आणि अर्धीच भरा. पूर्ण भरलेलं ओलं पोतं दोघांनाही उचलत नाही. जाळ्यांचे तुकडे वाळूत रुतलेले असतात, ते ओढत बसू नका, कोयतीने कापा. काचेला वेगळी बादली. ग्रामपंचायतीला गाडीसाठी लेखी पत्र द्या, तोंडी होकारावर राहू नका. आणि भरलेली पोती भरतीच्या रेषेच्या वर, रस्त्याकडेला नेऊन ठेवा. गाडी दुसऱ्या दिवशी येणार असेल तर मधे रात्रीची भरती आहेच. खाली राहिलेलं पोतं पुन्हा समुद्रात जातं आणि सगळ्यांची मेहनत वाया. म्हणजे मुलं उतरण्याची वेळ भरती बघून, तशीच पोती वर नेण्याची वेळही भरती बघून.

हे दिवस कासवांच्या विणीचे. वेळास, आंजर्ल्याप्रमाणे तुमच्याही पुळणीवर, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावर, ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी असू शकतात. वनविभागाला आधी विचारा, कोरड्या वाळूत दंताळं चालवू नका, खोदू नका.

कांदळवनात पूर्ण सुकतीच्या तासभर आधी शिरायचं, पाणी चढू लागायच्या आत बाहेर. पंधरा-पंधराचे गट, प्रत्येक गटासोबत खाडीत रोज उतरणारं गावातलं एक माणूस. पायात नाडीचे जुने बूट. चप्पल चिखलात राहते आणि कालवांच्या कडांनी तळवे कापतात. पाहुणे होडीने येणार असतील तर पुन्हा भरती बघा. लहान जेटीला सुकतीत होडी लागत नाही.

रक्तदान शिबिरासाठी रक्तपेढीला महिनाभर आधी पत्र. दात्याचं वय 18 पूर्ण, वजन किमान 45 किलो, हिमोग्लोबिन किमान 12.5. प्रथम वर्षाला सतरा वर्षांची मुलं बरीच असतात, हिमोग्लोबिनवर अनेक मुली परत जातात. नोंदणीचा आकडा तसाच रक्तपेढीला कळवू नका, अर्धा धरा. उपाशीपोटी कोणाला बसवू नका, आधी उपमा किंवा पेज. किनाऱ्याच्या दिवशी शिबिर नको, उन्हात राबलेल्या मुलांना चक्कर येते. भरतीमुळे किनाऱ्याचा दिवस सरकला तर शिबिरही सरकवा.

मुंबईहून येणाऱ्या वक्त्यांचं रेल्वे आरक्षण 60 दिवस आधी उघडतं, त्याच दिवशी काढा. गाडीला उशीर होऊ शकतो, म्हणून उतरल्या दिवशी व्याख्यान ठेवू नका. भित्तिपत्रकांना दोऱ्या, चिमटे.

संध्याकाळचा कार्यक्रम शेवटच्या एसटीच्या अर्धा तास आधी संपलाच पाहिजे. आगारातून वेळ लेखी घ्या. रात्री दव पडतं, अ‍ॅम्प्लिफायर झाका. जनरेटर, डिझेल. पिण्याचं पाणी. प्रमाणपत्रांवरची नावं हजेरीपटावरून, कोणी सांगितली म्हणून नाही. बिलं त्याच आठवड्यात लेखापालांकडे.