नेक्सॉन घेताना: फेसलिफ्टपूर्वीची की फेसलिफ्टनंतरची?

टाटा नेक्सॉनचे मोठे फेसलिफ्ट, म्हणजे त्याच गाडीची रूप आणि सोयी बदललेली नवी आवृत्ती, सप्टेंबर २०२३ मध्ये बाजारात आले. त्याआधीची नेक्सॉन आता केवळ वापरलेलीच मिळते, त्यामुळे जुन्या गाडीत वाचणाऱ्या पैशांच्या बदल्यात आपण नेमके काय सोडून देतो, याचा हिशेब खरेदीपूर्वी मांडायला हवा.

सर्वप्रथम दिवे, बंपर आणि डॅशबोर्ड बाजूला ठेवावेत. १.२ लिटर टर्बो पेट्रोल आणि १.५ लिटर डिझेल ही इंजिने फेसलिफ्टमध्येही कायम राहिली. मॅन्युअल गिअरची गाडी घेणाऱ्याला चालवताना फार मोठा फरक जाणवणार नाही. ऑटोमॅटिक हवी असेल, तर मात्र फरक मोठा आहे, कारण जुन्या गाडीत केवळ एएमटी (मॅन्युअल गिअरबॉक्सच यंत्रणेने आपोआप बदलणारी) होती आणि नव्या पेट्रोल गाडीत सात गिअरचा ड्युअल क्लचही (दोन क्लचमुळे झटपट गिअर बदलणारा ऑटोमॅटिक) मिळतो. सीएनजी तर २०२४ पासून, म्हणजे फेसलिफ्टनंतरच आली.

माझ्या मते निर्णय सुरक्षिततेवर व्हावा. दोन्ही गाड्यांना ग्लोबल एनकॅप या गाड्यांच्या धडक-चाचण्या घेणाऱ्या संस्थेचे पाच तारे आहेत, हे विक्रेता आवर्जून सांगतो आणि ते खरेही आहे. परंतु जुन्या गाडीला ते २०१८ मध्ये, त्या वेळच्या सौम्य निकषांवर आणि केवळ प्रौढ प्रवाशांच्या संरक्षणासाठी मिळाले होते, मुलांच्या संरक्षणात तिला तीनच तारे होते. फेसलिफ्टची चाचणी बाजूने खांबावर बसणाऱ्या धडकेचाही विचार करणाऱ्या कडक निकषांवर झाली आणि २०२४ मध्ये तिला दोन्ही गटांत पाच तारे मिळाले. जुन्या गाडीत दोन एअरबॅग होत्या, तर नव्या गाडीत अगदी मूळ व्हेरियंटपासून सहा आहेत. घरात लहान मुले असतील आणि महामार्गावर नेहमीचा प्रवास असेल, तर मोठ्या टचस्क्रीनचे वरचे व्हेरियंट सोडून फेसलिफ्टचे खालचे व्हेरियंट घ्यावे, असे मी आग्रहाने सांगेन. शहरातल्या शहरात, कमी अंतरासाठी गाडी हवी असणाऱ्याने नीट सांभाळलेली जुनी गाडी घेण्यास हरकत नाही. एसीसाठी तिच्यातील साध्या घुंड्या रस्त्यावरची नजर न काढता फिरवता येतात, ही सोय फेसलिफ्टच्या स्पर्शाच्या पॅनेलमध्ये राहिलेली नाही.

किमतीबाबत एक गोष्ट ध्यानात ठेवावी. सप्टेंबर २०२५ मध्ये लहान गाड्यांवरील जीएसटी १८ टक्क्यांवर आल्याने नव्या नेक्सॉनची किंमत उतरली. म्हणून जुन्या गाडीचा भाव तिच्या मूळ खरेदी किमतीवरून न ठरवता आजच्या नव्या गाडीच्या ऑन-रोड किमतीशी ताडून पाहावा, आणि कर्ज काढायचे असल्यास वापरलेल्या गाडीवरील व्याजदर बहुधा जास्त असतो, तोही त्यात धरावा.

२०२३ च्या अखेरीस नोंदणी झालेली गाडी फेसलिफ्टचीच असेल, असे गृहीत धरू नये. आरसीवरील (नोंदणी प्रमाणपत्रावरील) उत्पादनाचा महिना पाहावा. आरसीवर बँकेचा बोजा असेल, तर तो उतरल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये.